आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि योगशिक्षक

चिखलदऱ्याच्या घाटाकडे निघालेला प्रवासी परतवाड्याला चहापुरता थांबतो आणि पुढे निघून जातो. सातपुड्याच्या पायथ्याचे हे गाव त्याच्या स्मरणात राहते ते मेळघाटातून उतरलेल्या सागवानाच्या बाजारामुळे, नाहीतर भोवतालच्या संत्राबागांमुळे. जुन्या अचलपूरला लागून इंग्रजांच्या छावणीभोवती ही वस्ती वाढली आणि आज दोन्ही गावे जुळ्या भावंडांसारखी एकमेकांना बिलगून आहेत. अशा गावातील एखाद्या गृहिणीने वा निवृत्त शिक्षकाने ‘मी योगशिक्षक होणार’ असे म्हणावे, ही दोन पिढ्यांपूर्वी नवलाची गोष्ट ठरली असती. आज ती तशी राहिलेली नाही. ११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७७ देशांच्या सहप्रस्तावाने आंतरराष्ट्रीय योग दिनाचा ठराव स्वीकारला आणि २१ जून २०१५ रोजी पहिला योग दिन साजरा झाला. त्यानंतर योग शिकणाऱ्यांची संख्या वाढली. तो शिकवणारे हवेत, ही गरज त्यामागोमाग निर्माण झाली आणि योगशिक्षक घडवणारे वर्ग गावोगावी पोहोचले.

या वर्गांत प्रवेश घेणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारला जातो: ‘योगशिक्षक का व्हावेसे वाटते?’ उत्तरे बहुधा ठरलेली असतात. समाजाचे आरोग्य, भारतीय संस्कृतीची सेवा, ऋषिमुनींच्या वारशाचे जतन. ही उत्तरे खोटी नसतात; पण ती पहिली नसतात. पहिले उत्तर मनात असते आणि ते सांगण्याचा संकोच वाटतो. कुणाचा मणका सरकलेला असतो. कुणाचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून घर अबोल झालेले असते. कुणी शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन वर्षानुवर्षे नोकरीची वाट पाहत असतो. कुणाला पतीच्या आजारपणात रात्ररात्र जागून काढल्यावर स्वतःचीही झोप हरवल्याचे ध्यानात आलेले असते. इतकी खाजगी, इतकी घरगुती कारणे योगासारख्या उदात्त शास्त्राच्या दारात मांडणे अनेकांना अशोभनीय वाटते.

वस्तुतः त्यात संकोच वाटण्याजोगे काही नाही. श्रीमद्भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी आपल्याला भजणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. पीडेने व्याकूळ झालेला, जाणून घेऊ इच्छिणारा, काही मिळवू पाहणारा आणि जाणणारा. यांत ज्ञान्याचे स्थान सर्वोच्च आहे हे खरे; परंतु उरलेल्या तिघांना भगवंतांनी दारातून परत पाठवलेले नाही. त्यांनाही उदारच म्हटले आहे. जी सवलत ईश्वराच्या दारी आहे, ती योगाच्या दारी का असू नये?

दुखण्यातून आलेले

पतंजलींनी योगसूत्रांत साधकाच्या मार्गातील नऊ अंतराय मोजले आहेत. त्यांत अगदी पहिले नाव व्याधीचे आहे. संशय, आळस, भ्रांती हे सारे त्यानंतर येतात. ज्याचे शरीर दुखते आहे, त्याला त्या दुखण्यापलीकडचे काही दिसत नाही, हे सूत्रकारांना पुरते ठाऊक होते. म्हणून व्याधीच्या निमित्ताने योगाकडे वळणारा मनुष्य आडवाटेने आलेला नसतो. तो पहिल्याच पायरीवर उभा असतो.

महाराष्ट्राला याचे सर्वांत मोठे उदाहरण पुण्यात पाहायला मिळाले. बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १४ डिसेंबर १९१८ रोजी कर्नाटकातील बेल्लूर येथे, इन्फ्लुएंझाच्या साथीत झाला. बालपण हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांच्या विळख्यात गेले. हे मूल फार दिवसांचे नाही, अशीच भोवतालच्यांची समजूत होती. मेहुणे टी. कृष्णमाचार्य यांच्याकडे म्हैसूरला त्यांना आसनांचा परिचय झाला, तो प्रकृती सुधारावी एवढ्याच हेतूने. १९३७ साली हा अठरा वर्षांचा तरुण डेक्कन जिमखान्यावर शिकवण्यासाठी पुण्यात आला. मराठी येत नव्हते, इंग्रजी तुटपुंजे होते, वयाने आणि अंगापिंडाने शिष्यच अधिक दांडगे होते. काही महिन्यांसाठी आलेला हा शिक्षक २० ऑगस्ट २०१४ रोजी देह ठेवीपर्यंत पुणेकर राहिला. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांची कथाही अशीच आहे. बालवयात मूत्रपिंडाच्या विकाराने त्या गंभीर आजारी झाल्या, योगाच्या आधाराने सावरल्या आणि पुढे स्त्रियांच्या देहधर्माचा विचार करून योग कसा शिकवावा, याचे मार्गदर्शन त्यांनी अवघ्या जगाला केले.

परतवाड्याच्या परिसरात आर्तांची उणीव नाही. कापूस वेचणाऱ्या, निंदण करणाऱ्या बाईचा दिवस वाकण्यात जातो. लाकडाच्या वखारीवरचा मजूर ओंडके उचलतो, संत्राबागेतला मजूर फळांनी भरलेले क्रेट खांद्यावर वाहतो. ‘कंबर लय दुखते वं बाई’ हे वाक्य या भागात कुशलप्रश्नाच्या उत्तरासारखे ऐकू येते. अशा घरातून एखादी स्त्री स्वतःच्या कंबरेसाठी आसने शिकते, तिला आराम पडतो आणि ‘हे मला शेजारणीलाही सांगता आले पाहिजे’ असे तिला वाटते. योगशिक्षक होण्याचे याहून प्रामाणिक कारण कोणते असू शकेल?

प्रश्नातून आलेले

काहींना शरीराची तक्रार नसते, बुद्धीची असते. हे खरे आहे की नुसतीच श्रद्धा, असे त्यांना पारखून घ्यायचे असते. समाज अशा माणसांकडे थोडा साशंकतेने पाहतो. परंतु आधुनिक योगशिक्षणाचा पाया ज्यांनी घातला, त्यांत असाच एक जिज्ञासू अग्रभागी आहे.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ सालचा. संस्कृतचे नाणावलेले विद्यार्थी, बडोद्याला राजरत्न माणिकराव यांच्याकडे शरीरसाधना केलेले, राष्ट्रसेवेचे व्रत घेतलेले आणि वृत्तीने तर्कनिष्ठ. खानदेशात अमळनेर येथे शिक्षणकार्य करीत असताना त्यांनी मालसरचे परमहंस माधवदासजी यांच्याकडे योगाचे धडे घेतले. अनुभव आला, तरी तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. उड्डियान आणि नौली करताना शरीरात नेमके काय घडते, हे त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासले. तेच पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून विख्यात झाले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनपर नियतकालिक सुरू केले. ज्या काळात योग म्हणजे गुहेतील गूढ किंवा रस्त्यावरची करामत अशी शिक्षितांची समजूत होती, त्या काळात योगाला प्रयोगशाळेत नेण्याचे धाडस त्यांनी केले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गुण्यांची शंका खाजगी होती. परंतु तिचे उत्तर त्यांनी खाजगी ठेवले नाही. ते छापले, इतरांना तपासायला दिले, त्यावर शिक्षण उभे केले. व्यक्तिगत कारण सार्वजनिक कार्यात परिणत होते ते असे.

अर्थार्थी म्हणायला लाजू नये

खरी अडचण तिसऱ्या प्रकाराची आहे. ‘मला यातून चार पैसे मिळावेत’ असे म्हणणाऱ्याला आपला समाज लगेच परका करतो. योग ही सेवा, सेवेचे मोल कसे घ्यावे, असा प्रश्न विचारला जातो.

या प्रश्नामागे एक थोर परंपरा आहे, हे नाकारता येणार नाही. वऱ्हाडची भूमी शरीरसाधनेच्या निःस्वार्थ उपासकांची भूमी आहे. अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनी १९१४ साली अमरावतीत हनुमान आखाड्याची मुहूर्तमेढ रोवली. त्या रोपाचा हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ नावाचा वटवृक्ष झाला आणि १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या प्रसंगी मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके जगापुढे केली. परतंत्र देशातील तरुण दुबळा राहू नये, ही त्यामागची प्रेरणा होती. नागपूरला जनार्दनस्वामींनी १९५१ साली योगाभ्यासी मंडळ स्थापन केले. या संन्याशाने घरोघरी जाऊन, कुणाकडून एक पैसाही न घेता योग शिकवला. विदर्भात आज कित्येक ठिकाणी पहाटे मंदिराच्या सभामंडपात वा शाळेच्या पटांगणात विनामूल्य वर्ग भरतात, त्यांवर स्वामीजींच्या या वृत्तीची छाया आहे.

ही परंपरा शिरोधार्य आहेच. मात्र तिचा अर्थ लावताना गल्लत होते. जनार्दनस्वामी संन्यासी होते. त्यांच्यावर कुणाच्या शाळेची फी आणि घरभाडे भरण्याचे दायित्व नव्हते. संन्याशाचा नियम गृहस्थाश्रमी माणसाला लावणे हे आश्रमधर्माच्या विचारातही बसत नाही. निवृत्तिवेतन मिळणाऱ्या शिक्षकाने विनामूल्य वर्ग घ्यावा, ते त्याला शोभून दिसते. पण पदवी घेऊन घरी बसलेल्या तरुणाने किंवा संसाराला हातभार लावू पाहणाऱ्या स्त्रीने पहाटे पाचला उठून दोन वर्ग घ्यावेत, अमरावतीपर्यंतचे पन्नासेक किलोमीटर एस.टी.ने जाऊन शिक्षण पुरे करावे आणि महिन्याअखेर केवळ टाळ्या व पुष्पगुच्छ स्वीकारावा, ही अपेक्षा न्याय्य म्हणता येईल काय? अय्यंगारांनीही सुरुवातीची कित्येक वर्षे शिकवले ते पोटासाठी. उपासमारीचे दिवस आपण काढले आहेत, हे ते मोकळेपणाने सांगत. त्यांच्या योगाचे मोल त्यामुळे उणावले नाही.

शासनाने या क्षेत्रात पाऊल टाकले, हे स्वागतार्ह आहे. पण त्याचा हिशेबही पाहायला हवा. आयुष आरोग्य केंद्रांसाठी अंशकालीन योग प्रशिक्षक नेमण्याच्या ज्या जाहिराती अनेक राज्यांत निघाल्या, त्यांत दर सत्राला २५० रुपये हे मानधन आढळते. पुरुष प्रशिक्षकाला महिन्याला ३२ सत्रे, म्हणजे ८,००० रुपये. महिला प्रशिक्षकाला २० सत्रे, म्हणजे ५,००० रुपये. एवढ्यावर घर चालत नाही, हे सांगायला अर्थशास्त्री नको. गावात लग्नाच्या मांडवावर आणि रोषणाईवर हजारो रुपये खर्च होतात. तेच घर योगवर्गाच्या महिन्याच्या दोन-तीनशे रुपयांसाठी घासाघीस करते. जो समाज शिक्षकाला जगवत नाही, त्याने उत्तम शिक्षक मिळत नाहीत अशी तक्रार करू नये.

प्रत्येक कारणाचा आपला दोष

इथवर वैयक्तिक कारणांची बाजू मांडली. आता दुसरी बाजू. कारण ज्या दारातून मनुष्य आत येतो, त्या दाराची चौकट तो पुष्कळदा सोबत घेऊन फिरतो.

आर्ताचा दोष असा की, आपल्याला जे लागू पडले ते सर्वांना लागू पडेल असे त्याला वाटू लागते. भुजंगासनाने स्वतःची पाठ बरी झाली की तो समोर येणाऱ्या प्रत्येक पाठीला भुजंगासन सांगतो. कपालभातीने आपले वजन उतरले की हर्नियाच्या रुग्णालाही आणि गर्भवतीलाही कपालभातीच हवी, अशी त्याची खात्री होते. उच्च रक्तदाबाच्या माणसाला शीर्षासनात उभे करणारा शिक्षक दुष्ट नसतो. तो स्वतःच्या अनुभवावर फाजील विश्वास ठेवणारा असतो. पुढे जाऊन तो मधुमेहाची गोळी बंद करायला सांगतो आणि तेथे प्रश्न जिवाचा होतो. योगाच्या नावाला बट्टा लागतो, तो टीकाकारांमुळे कमी आणि अशा उत्साही भक्तांमुळे अधिक.

जिज्ञासूचा दोष पांडित्याचा. समोर शेतमजूर बसला असताना त्याला चित्ताच्या पाच भूमिका समजावून सांगण्याचा मोह त्याला आवरत नाही. ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात योगाचे अत्यंत गहन वर्णन सामान्यांच्या मराठीत केले, त्याला सात शतके उलटून गेली. ज्याला वऱ्हाडी माणसाला त्याच्या बोलीत ‘श्वास रोखू नको’ एवढे सांगता येत नाही, त्याची संस्कृत परिभाषा वर्गापुरतीही उपयोगाची नाही.

आणि अर्थार्थीचा दोष उघडच आहे: त्याची घाई. त्याला विद्येपेक्षा प्रमाणपत्र आधी हवे असते. केंद्रीय आयुष मंत्रालयाने २०१८ साली योग प्रमाणन मंडळ स्थापन करून परीक्षांची एक श्रेणी घालून दिली. तिच्यातील प्रशिक्षकाच्या पहिल्या पायरीचा अभ्यासक्रम २०० तासांचा आहे. रोज एक तास धरला तर हे साडेसहा महिन्यांचे काम. या क्षेत्रात काहीतरी किमान शिस्त असावी, हा हेतू योग्यच आहे. परंतु २०० तासांत शिकवण्याची सुरुवात करता येते. शिक्षक होता येत नाही. ‘घरबसल्या प्रमाणपत्र’ अशा जाहिरातींवर भाळणारा तरुण स्वतःची फसवणूक करून घेतोच. त्याच्यासमोर विश्वासाने डोळे मिटून बसणाऱ्या म्हाताऱ्याचीही करतो.

मग उपाय काय? वैयक्तिक कारणे टाकून द्यावीत काय? मुळीच नाही. ती बदलू द्यावीत. अय्यंगारांचे मोठेपण ते स्वतः बरे झाले एवढ्यात नाही. स्वतःचे शरीर हवे तसे वळू लागल्यावरही, ज्यांचे वळत नाही त्यांचा विचार ते करीत राहिले. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या अशा साधनांच्या आधाराने वृद्धाला, रुग्णाला, ताठरलेल्या सांध्यांच्या माणसाला आसनाचा लाभ कसा देता येईल, यासाठी त्यांनी आयुष्याची अनेक दशके वेचली. त्यांचे स्वतःचे दुखणे केव्हाच मागे पडले होते; दुसऱ्याच्या दुखण्याने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. आर्ताचा शिक्षक होतो तो या वळणावर.

दोन वेळा विचारावा असा प्रश्न

योगशिक्षकांच्या वर्गात ‘का?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला जातो आणि तेथेच संपतो. तो शेवटच्या दिवशी पुन्हा विचारला जावा. पहिल्या दिवशीचे उत्तर ‘माझी कंबर’, ‘माझी झोप’, ‘माझी नोकरी’ असले तर ते मोकळ्या मनाने नोंदवून घ्यावे. त्यावर समाजसेवेचा मुलामा चढवण्याची सक्ती करू नये. प्रामाणिकपणा हा यमांतील सत्याचाच भाग आहे आणि यम हे योगाचे पहिले अंग आहे. परंतु अभ्यासक्रम संपतानाही उत्तर अक्षरशः तेच राहिले असेल, तर शिक्षण अपुरे आहे असे समजावे. ‘का?’ची जागा ‘कुणासाठी?’ने घेतली की नाही, हीच खरी परीक्षा. ती लेखी घेता येत नाही. समोरच्या वर्गातील सर्वांत अवघडलेल्या माणसापाशी शिक्षक किती वेळ थांबतो, यावरून तिचा निकाल कळतो.

आणि गीतेतील चौथा, ज्ञानी? तो दुर्लभ आहे, असे भगवंतांनीच सांगून ठेवले आहे. परतवाड्यापासून फार दूर नसलेल्या माधानच्या मातीला असा एक ज्ञानी लाभला. गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली, आयुष्य जेमतेम चौतीस वर्षांचे मिळाले, तरी दर्शनांपासून आयुर्वेदापर्यंतच्या विषयांवरील शंभराहून अधिक ग्रंथ त्यांनी दुसऱ्यांकडून लिहवून घेतले. स्वतःची उणीव हेच ज्यांना दुसऱ्यांना पाहायला शिकवण्याचे निमित्त झाले, त्यांच्या परिसरात राहणाऱ्यांनी उणिवेला लाजण्याचे कारण नाही.

सर्वांना ती उंची गाठता येणार नाही आणि तशी अपेक्षाही नाही. गावाला हवा आहे एक साधा, नियमित, अभ्यासू शिक्षक. आपल्याला काय येत नाही हे ज्याला कळते, ‘आधी डॉक्टरांना दाखवा’ असे सांगायला जो संकोचत नाही आणि वर्गात एकच माणूस आला तरी जो सतरंजी अंथरतो, असा. तो कोणत्या कारणाने योगाकडे आला, याची चौकशी गावाने करू नये. तो टिकून राहील याची काळजी मात्र अवश्य घ्यावी. त्याचे मानधन वेळेवर द्यावे, त्याला पुढचे शिकण्यासाठी सवड द्यावी आणि पहाटेच्या वेळी त्याच्यासमोर न चुकता जाऊन बसावे. शिक्षकाला घडवणारा शेवटचा गुरू त्याचा विद्यार्थीच असतो.